इम्प्लांटभोवतीची सूज: प्रतिकारशक्तीवरच्या नव्या औषधांची वाट पाहावी का?

एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश देत आहोत. त्यांचे वय ५७ आहे. हिरड्यांच्या जुन्या विकारामुळे खालचे काही दात हलून पडल्यावर सात वर्षांपूर्वी त्यांनी तीन इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात रोवलेली टायटॅनियमची कृत्रिम मुळे, बसवून घेतले. सुरुवातीला त्या नियमित तपासणीला जात असत. पुढे काहीच दुखत नसल्यामुळे जाणे थांबले, त्याला चार वर्षे झाली. गेल्या काही महिन्यांपासून दोन इम्प्लांटांभोवती ब्रश करताना रक्त येते, तोंडाला वाईट चव येते आणि हिरडी दाबली तर थोडा पू दिसतो. दंतवैद्यांनी मोजले तेव्हा एका ठिकाणी हिरडी आणि इम्प्लांट यांच्यामधली खोली ७ मिलिमीटर भरली, आणि जुन्या एक्स-रेशी ताडून पाहता हाड खाली गेल्याचे दिसले. आधी खोलवर सफाई, मग पुन्हा मोजणी आणि गरज भासल्यास शस्त्रक्रिया, असे त्यांनी सुचवले आहे.

भगिनी लिहितात: “मी दोन्ही वेळा नीट ब्रश करते, मग ही जंतूंची गोष्ट कशी असेल? माझीच प्रतिकारशक्ती हाड खाते आहे असे वाचनात आले, आणि तिला नेमके आवर घालणारी औषधे येऊ घातली आहेत असेही कळले. माझ्या मोठ्या बहिणीला आमवातासाठी बायॉलॉजिक इंजेक्शन (दाहातले एखादे ठरावीक द्रव्य रोखणारे) चालू आहे आणि तिचे सांधे कितीतरी सुधारले. तसे काही मला घेता येईल का? की शस्त्रक्रिया टाळून वर्ष-दोन वर्षे थांबावे?” एका दवाखान्याने स्वतःच्या रक्तापासून तयार केलेल्या, प्रतिकारशक्तीचा समतोल साधणाऱ्या इंजेक्शनांचा कोर्स सुचवल्याचेही त्यांनी कळवले आहे. रक्तातली साखर थोडी वाढलेली असते आणि प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, हे दोन उल्लेख पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता आले आहेत.

भगिनी, तुम्ही वाचलेले बरेचसे खरे आहे, हे आधी मान्य करतो. इम्प्लांटभोवतीचे हाड जिवाणू कुरतडत नाहीत. ते आपल्याच शरीरातल्या पेशी विरघळवतात. इम्प्लांटच्या पृष्ठभागावर जिवाणूंचा चिकट थर साचला की शरीर पांढऱ्या पेशींची कुमक पाठवते. त्या पेशी इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-१७ आणि टीएनएफ यांसारखी दाहकारक द्रव्ये सोडतात. त्यांच्या प्रभावाखाली रँकेल नावाचे प्रथिन वाढते, आणि रँकेल वाढले की हाड विरघळवणाऱ्या पेशी तयार होण्याचा वेग वाढतो. दुसरीकडे, हिरडीला घट्टपणा देणारे कोलॅजनचे तंतू तोडणारी एन्झाइमे, विशेषतः एमएमपी-८, त्याच ठिकाणी जमा होतात. हिरडी सैल पडते, खोली वाढते, आणि वाढलेल्या खोलीत जिवाणूंना आणखी निवारा मिळतो. हाड न झिजता केवळ हिरडी सुजलेली असेल तर त्याला म्युकोसायटिस म्हणतात. हाडही गेले असेल तर पेरी-इम्प्लांटायटिस. तुमच्या दंतवैद्यांनी केलेले वर्णन दुसऱ्या प्रकाराचे आहे.

इम्प्लांटच्या बाबतीत ही प्रतिक्रिया नैसर्गिक दातापेक्षा अधिक उग्र होते, यालाही कारण आहे. दाताच्या मुळाला आणि हाडाला जोडणारा एक अस्थिबंध असतो. हिरडीतले काही तंतू थेट मुळात रुतलेले असतात. इम्प्लांटला हा अस्थिबंध नसतो. हाड थेट टायटॅनियमला चिकटते, आणि हिरडीतले तंतू बहुतांशी इम्प्लांटला समांतर धावतात, त्यामुळे जिवाणूंना खाली उतरताना फारसा अडसर होत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांच्या ऊतींचे नमुने तपासले गेले, तेव्हा इम्प्लांटभोवतीच्या दाहाचे क्षेत्र दातांभोवतीच्या दाहाच्या दुपटीहून अधिक आढळले. प्रतिकारशक्तीच्या अंगाने या आजारावर इलाज शोधण्याची कल्पना म्हणूनच कोणाच्या डोक्यातून उगाच निघालेली नाही.

परंतु हानी प्रतिकारशक्तीकडून होते, एवढ्यावरून जंतूंचा संबंध नाही असा निष्कर्ष तुम्ही काढला आहे, तो मात्र टिकत नाही. स्वयंसेवकांनी तीन आठवडे इम्प्लांट आणि दात स्वच्छ करणे मुद्दाम थांबवले, असे प्रयोग झाले आहेत. सूज दोन्हीकडे आली, आणि सफाई पुन्हा सुरू केल्यावर उतरू लागली. मात्र पहिल्यासारखी निरोगी स्थिती यायला तीन आठवडे पुरले नाहीत. म्हणजे दाह पेटवणारा तो थरच होता, आणि तो हटवल्याशिवाय दाह शमला नाही. पायात काटा रुतलेला असताना सूज उतरवणारी गोळी घेतली तर ठणका कमी होईल, पण काटा आत राहील आणि सूज उतरल्यामुळे तो काढण्याची निकड मात्र वाटेनाशी होईल. तुमच्या पत्रात मला नेमका हाच धोका दिसतो.

तुम्ही दोन्ही वेळा ब्रश करता यावर माझा पूर्ण विश्वास आहे. प्रश्न ब्रश कुठवर पोहोचतो हा आहे. इम्प्लांटवरच्या कॅपचा आकार अनेकदा असा फुगीर असतो की तिच्या खालच्या कडेपर्यंत ब्रशचे केस जातच नाहीत. तिन्ही कॅप एकमेकींना जोडलेल्या असतील तर मधल्या फटींत बारीक इंटरडेंटल ब्रश घातल्याशिवाय काही साध्य होत नाही. आणि एकदा खोली ७ मिलिमीटर झाली की तळाशी साचलेला थर घरच्या कोणत्याही साधनाने निघत नाही, ब्रश करणारा हात कितीही दक्ष असो. तुमच्या सवयीला यात दोष नाही, तिची मर्यादा तेवढी आहे.

याच संदर्भात एक गोष्ट अवश्य विचारा: तुमच्या कॅप स्क्रूने बसवल्या आहेत की सिमेंटने? सिमेंटने बसवताना जादा सिमेंट हिरडीखाली राहून जाऊ शकते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सूज असलेल्या सिमेंटच्या इम्प्लांटांची सूक्ष्म दुर्बिणीने पाहणी केली तेव्हा ८१ टक्के ठिकाणी असे उरलेले सिमेंट सापडले, आणि ते काढल्यावर ७४ टक्के इम्प्लांटांभोवतीची आजाराची लक्षणे नाहीशी झाली. अभ्यास लहान होता, पण तात्पर्य सरळ आहे. सिमेंटच्या खरखरीत कणाभोवती जिवाणू साचत असतील तर जगातले कोणतेही अद्ययावत औषध तो कण बाहेर काढू शकणार नाही.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली वाक्ये तुम्ही ओझरती लिहिली आहेत. हिरड्यांच्या विकाराने दात गेले, ही पहिली. दातांभोवती ज्यांच्या शरीराने असा तीव्र दाह उभा केला, त्यांच्या इम्प्लांटांनाही तोच धोका अधिक असतो. दात गेल्याने ती प्रवृत्ती जात नाही. चार वर्षे तपासणी झाली नाही, ही दुसरी. म्युकोसायटिस असलेल्या रुग्णांचा पाच वर्षे मागोवा घेणाऱ्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नियमित देखभाल करून घेणाऱ्यांपैकी १८ टक्के जणांमध्ये आजार पेरी-इम्प्लांटायटिसपर्यंत गेला, तर देखभाल न करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ४४ टक्के होते. दुखत नव्हते म्हणून तुम्ही गेला नाहीत, आणि यात तुम्ही एकट्या नाही. इम्प्लांटचे दुखणे मुळात उशिरा जाणवते, किंवा जाणवतच नाही. रक्त येणे हीच यातली पहिली सूचना असते. २०१५ सालच्या एका आढाव्यानुसार इम्प्लांट बसवलेल्यांपैकी सरासरी ४३ टक्के लोकांत म्युकोसायटिस आणि २२ टक्के लोकांत पेरी-इम्प्लांटायटिस आढळतो. व्याख्या बदलली की हे आकडेही बरेच बदलतात, पण आपल्या वाट्याला काही विलक्षण आले आहे असे मानण्याचे कारण नाही, एवढे त्यांतून नक्की समजते.

आता गोळ्यांविषयी. एकाच पत्रात तुम्ही प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या गोळ्या घेत असल्याचे कळवता आणि प्रतिकारशक्ती दाबणारे इंजेक्शन मिळेल का, असेही विचारता. हे मी टोचून बोलण्यासाठी लिहीत नाही; प्रतिकारशक्ती ही कमी-जास्त करायची एकच एक गोष्ट आहे, अशी समजूत जाहिरातींनी इतकी घट्ट केली आहे की दोन्ही इच्छा एकाच मनात सुखाने नांदू शकतात. प्रत्यक्षात तिच्यात अनेक शाखा आहेत. त्यांतल्या काही जिवाणूंना रोखतात, काही दाह पेटवतात, आणि काही काम झाल्यावर तो विझवतात. या आजारात विझवणारी यंत्रणा मागे पडते, कारण चिथावणी थांबतच नाही. त्या गोळ्यांनी इम्प्लांटभोवतीचा दाह बरा होतो असा पुरावा नाही. त्यांत काय आहे हे तुमच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. मला विचाराल तर तो खर्च मी तपासणीकडे वळवीन.

बहिणीच्या इंजेक्शनाबद्दल मी थोडे सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न अनेकांच्या मनात येतो आणि तो अगदीच अनाठायी नाही. आमवातात टीएनएफसारखे एखादे द्रव्य सांध्यांत अतोनात वाढते आणि ते रोखले की सांधे सुधारतात. तेच द्रव्य इम्प्लांटभोवतीही वाढलेले असते. मग तेच औषध का नको? पहिले कारण असे की आमवातात सांध्यात काढून टाकण्याजोगा जिवाणूंचा थर नसतो. तिथे दाहच मुख्य रोग आहे. तुमच्या बाबतीत दाहाखाली जिवंत संसर्ग आहे आणि पू त्याची साक्ष देतो. दुसरे असे की ही औषधे सबंध शरीरात काम करतात. टीएनएफ रोखणारी औषधे सुरू करण्यापूर्वी दबून राहिलेल्या क्षयरोगाची तपासणी करतात ती उगाच नव्हे; तो उफाळून येण्याचा धोका खरा असतो. आमवाताने हालचाल अवघड झालेल्या व्यक्तीने हा धोका पत्करणे शहाणपणाचे ठरते. दोन इम्प्लांटांसाठी तो पत्करणे म्हणजे रोगापेक्षा औषध जालीम असा प्रकार होईल. शिवाय आमवातासाठी ही औषधे घेणाऱ्यांच्या हिरड्यांची जी पाहणी झाली आहे तिचे निष्कर्षही एका दिशेचे नाहीत. तेव्हा बहिणीचे औषध बहिणीपाशीच राहू द्या.

तरीही एखादी शाखा अचूक रोखली तर हिरडीचा विध्वंस थांबू शकतो, याचे एक ठळक उदाहरण वैद्यकात आहे, आणि ते तुम्हाला ठाऊक असायला हवे. एका दुर्मिळ आनुवंशिक विकारात पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बाहेर पडताच येत नाही. अशा रुग्णांच्या हिरड्या लहान वयातच भयंकर खराब होतात. पूर्वी मानत की रक्षक पेशी पोहोचत नाहीत म्हणून जंतू माजतात. पुढे दिसले की त्या न पोहोचल्यामुळे इंटरल्युकिन-२३ आणि इंटरल्युकिन-१७ यांची साखळी बेफाम वाढते आणि नासाडी मुख्यतः तीच करते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात अशा एका रुग्णाला ती साखळी रोखणारे, सोरायसिससाठी वापरले जाणारे उस्टेकिनुमॅब हे औषध दिले गेले. त्याच्या हिरड्यांचा दाह शमला आणि वर्षानुवर्षे न भरणारी पाठीखालची जखमही भरून आली. संशोधनाच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. पण तो एक रुग्ण होता, आजार दुर्मिळ होता आणि दात नैसर्गिक होते. तुमच्या पांढऱ्या पेशी व्यवस्थित बाहेर पडतात. इम्प्लांटभोवती त्यांची गर्दीच झालेली असते.

संपूर्ण शरीराऐवजी केवळ हिरडीत काम करणाऱ्या औषधांकडे संशोधकांचा ओढा आहे, आणि माझ्या मते खरी आशा तिथे आहे. पूरक प्रथिनांची (रक्तातल्या, प्रतिकारशक्तीला साथ देणाऱ्या प्रथिनांची) जी साखळी दाहाच्या अनेक वाटा एकदम उघडते, तिच्यातील सी-३ हा मधला दुवा रोखणारे एएमवाय-१०१ नावाचे द्रव्य हिरडीत टोचून पाहिले गेले. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत ४० व्यक्ती होत्या, आठवड्याला एक याप्रमाणे तीन वेळा औषध दिले गेले, आणि हिरडीचा दाह कमी होऊन तो परिणाम ९० दिवसांपर्यंत टिकलेला दिसला. दाह दाबण्याऐवजी तो विझवण्याची शरीराची स्वतःची प्रक्रिया चालू करणाऱ्या लिपॉक्सिनसदृश रेणूची चूळही माणसांवर तपासली गेली आहे. या दोन्ही चाचण्या नैसर्गिक दातांभोवतीच्या हिरड्यांच्या सुजेवर झाल्या. झिजलेले हाड, टायटॅनियम आणि पू यांपैकी काहीही त्यांत नव्हते. पांढऱ्या पेशींपैकी मॅक्रोफेज नावाच्या पेशींना दाहकारक रूपातून भरपाई करणाऱ्या रूपात वळवणारे लेप इम्प्लांटवर देण्याचे प्रयोग मुख्यत्वे प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर चालू आहेत. प्राण्यांमध्ये हा आजार बहुधा इम्प्लांटभोवती दोरा बांधून काही आठवड्यांत निर्माण करतात. तुमचा आजार काही वर्षांत, तुमच्या साखरेसह आणि हिरड्यांच्या पूर्वेतिहासासह तयार झाला आहे. त्या प्रयोगांतले यश तुमच्या तोंडात जसेच्या तसे उतरेल असे धरून चालता येत नाही.

दाहाच्या अंगाने काम करणारे आणि रीतसर मान्यता मिळालेले एक औषध मात्र जुनेच आहे. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकची २० मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून दोनदा घेतली तर ती जिवाणू मारण्याइतकी नसते, पण कोलॅजन तोडणाऱ्या एन्झाइमांना आळा घालते. लॉर्न गोलुब आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९८०च्या दशकातील संशोधनातून ही कल्पना पुढे आली आणि अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने १९९८ साली तिला मान्यता दिली. ही मान्यता नैसर्गिक दातांच्या विकारासाठी आहे, तीही सफाईला पूरक म्हणून. इम्प्लांटसाठी ती लागू नाही. तीन दशके होत आली तरी दाहावरच्या औषधाचे स्थान सफाईच्या जोडीलाच राहिले, हे मला बोलके वाटते, आणि पुढे येणाऱ्या औषधांचेही बहुधा असेच होईल.

कागदावर तुमच्या प्रश्नाचे नेमके उत्तर वाटेल, असेही एक औषध आहे. रँकेलमुळे हाड विरघळते असे मी वर लिहिले. डेनोसुमॅब हे हाडांच्या ठिसूळपणासाठीचे इंजेक्शन थेट रँकेललाच रोखते. मग ते घ्यावे का? मुळीच नाही. हे औषध आणि बिसफॉस्फोनेट गटातील औषधे यांमुळे जबड्याचे हाड मृत होऊन उघडे पडण्याचा धोका संभवतो, आणि जबड्यात संसर्ग असेल किंवा शस्त्रक्रिया झाली तर तो वाढतो. तुमच्या वयात हाडांसाठी असे एखादे औषध आधीच चालू असण्याची शक्यता आहे. तुम्ही पत्रात त्याचा उल्लेख केलेला नाही, म्हणून मुद्दाम सांगतो: चालू असेल तर सफाईपूर्वीच दंतवैद्यांना सांगा, आणि ते आपल्या मनाने बंदही करू नका, कारण डेनोसुमॅब एकाएकी थांबवल्यावर मणक्यांचे अस्थिभंग झाल्याची उदाहरणे आहेत. दोन्ही डॉक्टरांनी आपसांत बोलून ठरवण्याची ही गोष्ट आहे.

रक्तापासून तयार केलेल्या इंजेक्शनांबद्दल तुम्ही दवाखान्याचे म्हणणे थोडक्यात दिले आहे, त्यामुळे मी सर्वसाधारण उत्तर देतो. रक्तातील प्लेटलेटयुक्त भाग वेगळा करून तो जखमेत ठेवणे ही दंतशस्त्रक्रियेतील परिचित पद्धत आहे आणि शस्त्रक्रियेच्या जोडीने मऊ ऊती भरून येण्यास तिचा थोडाफार हातभार लागू शकतो. पण सफाई न करता तो भाग पू असलेल्या खोबणीत टोचून प्रतिकारशक्तीचा समतोल साधतो, या दाव्याला आधार नाही. त्यांना तीन प्रश्न लेखी विचारा: हे द्रव्य कोणत्या आजारासाठी मान्य आहे, कोर्सपूर्वी आणि नंतर खोली व एक्स-रे मोजून दाखवणार का, आणि जिवाणूंचा थर काढण्याचे काम कोण व केव्हा करणार. उत्तर टाळले गेले, किंवा पूर्ण रक्कम आधी भरा असे सांगितले गेले, तर तुम्हाला हवी ती माहिती मिळालीच. टायटॅनियमच्या ॲलर्जीसाठी रक्ततपासणी करण्याची सूचना कोणी केली तर तीही सध्या बाजूला ठेवा. अशी ॲलर्जी फार विरळा आहे आणि त्या तपासणीवरून इम्प्लांटबद्दल निर्णय घेण्याइतकी ती विश्वासार्ह नाही.

थांबण्याबद्दल. वर्ष-दोन वर्षे थांबणे तुम्हाला सुरक्षित वाटते, कारण त्यात काहीच करायचे नसते. पण पेरी-इम्प्लांटायटिसमधली हाडाची झीज एकसारख्या गतीने होत नाही. उपचार न झाल्यास काळ जाईल तसा तिचा वेग वाढत जातो, असे मोठ्या पाहणीत आढळले आहे. आज उरलेले हाड हेच तुमचे भांडवल आहे. शस्त्रक्रियेत हाड पुन्हा भरता येईल का, इम्प्लांट काढावा लागलाच तर त्या जागी दुसरा बसेल का, हे त्याच्यावर ठरते. उद्या एखादे नेमके औषध खरोखर उपलब्ध झाले, तर त्याचा लाभही स्वच्छ केलेल्या, हाड शिल्लक असलेल्या इम्प्लांटलाच होणार. आज सफाई करून घेतल्याने भविष्यातला एकही दरवाजा बंद होत नाही. थांबल्याने होऊ शकतो.

तुमच्या दंतवैद्यांनी सांगितलेला क्रम मला योग्य वाटतो. युरोपीय हिरडीतज्ज्ञांच्या महासंघाने २०२३ साली प्रसिद्ध केलेली मार्गदर्शक तत्त्वेही याच वाटेने जातात. आधी घरच्या स्वच्छतेची नीट शिकवणी, धोका वाढवणाऱ्या गोष्टींवर नियंत्रण आणि शस्त्रक्रियेविना सफाई. त्यासाठी कॅप काढून पाहण्याची गरज असेल तर तीही काढली जाते. मग ६ ते १२ आठवड्यांनी पुन्हा मोजणी. खोली ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी, पू अजिबात नाही, आणि रक्त फार तर एखाद्या बिंदूवर, असे दिसले तर उद्दिष्ट साधले असे मानतात. या टप्प्यावर अँटिबायोटिक गोळ्या सरसकट देण्याची शिफारस ती तत्त्वे करत नाहीत, हेही लक्षात असू द्या. पू पाहून गोळ्यांचा आग्रह बऱ्याचदा रुग्णच धरतो. ७ मिलिमीटर खोली आणि हाडाची झीज असताना केवळ सफाईने काम भागेलच असे मी म्हणणार नाही. पुष्कळदा भागत नाही. पण त्या सफाईने सूज कमी झालेली हिरडी शस्त्रक्रियेला अधिक चांगला प्रतिसाद देते, आणि तोवर घरची स्वच्छताही सुधारलेली असते. शस्त्रक्रियेत हिरडी उघडून दाहग्रस्त ऊती काढतात, इम्प्लांटचा पृष्ठभाग डोळ्यांदेखत स्वच्छ करतात आणि हाडातला खड्डा वाडग्यासारखा असेल तर तो भरण्याचा प्रयत्न करतात. आजार उलटण्याची शक्यता नंतरही राहते. म्हणून पुढची देखभाल दर ३, ४ किंवा ६ महिन्यांनी, तुमच्या धोक्याप्रमाणे ठरवून होते. इम्प्लांट हलू लागला असेल तर मात्र तो काढणेच इष्ट, कारण हाडाशी त्याची जोड सुटलेली असते. तसे झाले तर त्याला अपयश समजू नका; उरलेले हाड वाचवण्याचाही तो मार्ग असतो.

प्रतिकारशक्तीवर काम करायचेच असेल, तर तुमच्या हातात आजच असलेला उपाय साखरेचा आहे. ‘थोडी वाढलेली’ म्हणजे किती, हे गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सी तपासणीवरून पाहा. साखर सतत चढी राहिली तर पांढऱ्या पेशी जिवाणू मारण्यात कमी पडतात, दाहकारक द्रव्ये मात्र अधिक काळ सोडत राहतात, आणि जखम भरणे मंदावते. तुम्हाला नकोशी असलेली सगळी प्रतिक्रिया एकत्र. धूम्रपान किंवा तंबाखूची सवय असेल, आणि या पत्रासारख्या परिस्थितीतल्या अनेक वाचकांना ती असते, तर तिचा विचारही याच यादीत करावा लागेल. इंजेक्शनाचे आकर्षण वाटते तसे या गोष्टींचे वाटत नाही, हे मला कळते.

नव्या उपचारांची चाचणी तुमच्या आवाक्यात कधी सुरू झाली आणि तिच्यात भाग घ्यावासा वाटला, तर मी त्याला विरोध करणार नाही. कोणीतरी भाग घेतल्याशिवाय हे शास्त्र पुढे जाणार नाही. ती चाचणी नोंदणीकृत आहे का, नीतिसमितीची मान्यता आहे का, सहभागी सर्वांना किमान प्रचलित सफाई मिळणार का, आणि औषधाऐवजी निष्क्रिय द्रव्य मिळण्याची शक्यता किती, हे आधी समजून घ्या. चाचणीतल्या औषधाचे पैसे तुमच्याकडूनच मागितले जात असतील तर तेथून परत फिरा.

सफाईची तारीख याच आठवड्यात घ्या. जाताना इम्प्लांट बसवल्यानंतरचा पहिला एक्स-रे, इम्प्लांटची कंपनी आणि आकार नोंदवलेले कार्ड, चालू असलेल्या सर्व औषधांची यादी आणि एचबीए१सीचा अहवाल सोबत न्या. आणि तक्रार नसलेल्या तिसऱ्या इम्प्लांटभोवतीही सर्व बाजूंनी मिळून सहा बिंदूंवर खोली मोजून ती लिहून द्यायला सांगा, म्हणजे पुढच्या मोजणीत तिथे काही बदलले तर ते वेळेवर लक्षात येईल.